पावण्याच्या माझ्या मसाला युनिटची पूरतयारी: एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीत माझं मसाले आणि भाजणीचं छोटं युनिट आहे. तळमजल्यावरचा अकराशे चौरस फुटांचा गाळा, एक डंका, पूड करणारे दोन पल्व्हरायझर, भाजणीसाठी गॅसवरचा रोस्टर आणि कामाला नऊ जणी. गेल्या वर्षी मे महिन्यात मी पूर आणि कामगारांचं आरोग्य या दोन्हींची तयारी करून देणारी सेवा घेतली. फर्म दोघांचीच आहे. एक अग्निशमन दलातून निवृत्त झालेले साहेब आणि त्यांच्या जोडीला एक तरुण इंजिनिअर मुलगी. आता एक अख्खा पावसाळा जाऊन आला आणि त्यात पाणीही खरोखर आलं, म्हणून लिहिते. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला तेही सांगेन.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आमच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधे दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत पसरलेला कारखान्यांचा पट्टा. डोंगरावरचं पाणी नाल्यांतून खाडीकडे धावतं. येताना खाणींकडची माती आणि बारीक खडी घेऊन येतं. नेमकी त्याच वेळी मोठी भरती असली की खाडी पाणी घेत नाही आणि नाला उलटा फुगतो. त्यात आजूबाजूला रसायनांचे कारखाने. आमच्या गल्लीत साचणारं पाणी नुसतं पावसाचं कधीच नसतं. त्यात गटार असतं आणि वर तेलाचा तवंगही असतो.

चार वर्षांपूर्वी जुलैत ते पाणी गाळ्यात गुडघाभर आलं होतं. ब्याडगी आणि संकेश्वरी मिळून चारशे किलो मिरची खाली पोत्यांत होती. माझ्या बायका चपला काढून पाण्यात उतरल्या आणि पोती ओढायला लागल्या. मीही त्यांच्यातच होते. भिजलेल्या मिरचीचं पाणी पायांना इतकं झोंबत होतं की रात्रभर कोणी झोपलं नाही. मिरची तर गेलीच. पण नवव्या दिवशी आमच्या कामावरच्या मावशींना ताप चढला. डोळे लाल, पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की उभं राहता येईना. दोन दिवस साधा व्हायरल समजून औषध चाललं, मग तपासणीत लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, निघाला. अकरा दिवस त्या रुग्णालयात होत्या. त्यांच्या टाचेला भेग होती, आणि उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेला जंतू आत शिरायला तेवढी भेग पुरते, हे मला तेव्हा कळलं. मावशी आज बऱ्या आहेत, कामावर आहेत. तरी त्यांना अनवाणी पाण्यात मी उतरू दिलं, ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. ही सेवा मी त्यासाठी घेतली.

आता पाहणीबद्दल. त्याआधी मी दोन ठिकाणांहून कोटेशन मागवलं होतं. दोन्हीकडची माणसं आली, शटरची रुंदी मोजली आणि आकडा सांगून गेली. हे साहेब आले ते शटरकडे बघेनातच. त्यांनी सगळ्या बायकांना बोलावलं आणि विचारलं, "मागच्या वेळी पाणी आधी कुठं दिसलं?" मी म्हटलं, दारातून. तर मावशी म्हणाल्या, "नाही ताई, दाराच्या आधी मोरीत बुडबुडे आले होते. मी तांब्या उचलला ना तेव्हा." तोपर्यंत मी दारालाच दोष देत होते. बाहेरचं गटार भरलं की पाणी आधी आमच्याच मोरीतून आणि संडासाच्या भांड्यातून वर येतं. दारात कितीही मोठी भिंत उभी केली असती तरी गाळा आतून भरला असता.

मग साहेबांनी विचारलं, शेजारी काय आहे? शेजारी कडधान्याचं गोदाम, मधली भिंत सामाईक. ते तिकडे जाऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा डबा जमिनीपासून वीतभर उंचीवर, साध्या लाकडी खोक्यात होता. या गोळ्यांना ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो. तो विषारी आहे आणि त्यावर उतारा नाही. पुराचं पाणी त्या डब्यात गेलं असतं तर वायू सामाईक भिंतीच्या फटींतून आमच्याकडे आला असता, आणि आम्ही तेव्हा आत पोती उचलत असतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर काहीही न उचलता बाहेर पडायचं, हे त्यांनी बायकांना तिथल्या तिथे सांगितलं. पण वास येण्याची वाट बघायची नाही, हेही बजावलं. शेजारच्या शेटजींशी ते स्वतः बोलले. शेटजी आधी चिडले, पण दुसऱ्या आठवड्यात तो डबा तिथून हलला, आणि आता तिथे परवानाधारक माणूसच येऊन धूरी देतो. माझ्या गाळ्याची पाहणी करायला आलेल्या माणसाने शेजाऱ्याचं कपाट बघावं, हे मी त्याआधी कुठेही पाहिलेलं नव्हतं. माझ्या मते फीचे सगळे पैसे तिथेच वसूल झाले.

गॅसच्या सिलिंडरचंही तसंच. ते पाण्यात तरंगतात, तरंगताना नळी ओढली जाते आणि गळती होते. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगतच साचून राहतो. आता चारही सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेले आहेत आणि रेग्युलेटर बंद करणं हे एका ठरावीक बाईचं काम आहे.

वस्तूंबद्दल बोलायचं तर दारासाठी त्यांनी आधी लोखंडी पत्र्याचं गेट सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. माझ्याकडे पुरुष कामगार नाही, आणि चार जणींना न उचलणारं गेट मला नको होतं. मग ॲल्युमिनियमच्या पोकळ फळ्या घेतल्या. दहा फूट लांब, आठ इंच उंच, खाली रबराची पट्टी. दाराच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या चॅनेलमध्ये त्या एकावर एक सरकवायच्या आणि वरून पान्याने आवळायच्या. अशा तीन फळ्या, म्हणजे दोन फूट. एक फळी साधारण बारा किलोची आहे, दोघी जणी आरामात उचलतात. मी चौथी फळी मागितली तेव्हा इंजिनिअर मुलीने वहीत गणित करून दाखवलं. दहा फुटी दारावर दोन फूट पाण्याचा जोर साधारण साडेपाचशे किलोंचा येतो, आणि उंची वाढेल तसा तो वर्गाने वाढतो, म्हणजे उंची दुप्पट तर जोर चौपट. आमच्या जुन्या विटांच्या भिंतीला त्याहून जास्त झेपणार नाही. भिंत कोसळण्यापेक्षा पाणी आत आलेलं परवडतं. जास्त माल विकायची संधी सोडून तिने हे सांगितलं, म्हणून मी तिचं नाव घेऊन सगळ्यांना सांगते.

मोरी आणि संडासाच्या वाहिनीला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवला. विजेचे सगळे प्लग आणि बोर्ड कमरेच्या वर नेले, आणि मेनला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, टाकलं. ते काम परवानाधारक वायरमनने केलं. माल आता तीन फूट उंच लोखंडी मांडणीवर असतो.

आता तक्रार. त्यांनी मला विजेवरचा सबमर्सिबल पंप विकला. दोन आठवड्यांनी सराव करताना पहिलीच सूचना होती, पाणी दारात दिसायच्या आधी मेन बंद करा. मग पंप कशावर चालणार? मी विचारलं तेव्हा मुलगी गप्प झाली, साहेबांनी चूक मान्य केली आणि पंप परत घेऊन पेट्रोलवरचा दिला. फरकाचे पैसे घेतले नाहीत, हे खरं. पण प्रश्न मी विचारला नसता तर तो पंप पुराच्या दिवशी नुसता पडून राहिला असता. पेट्रोलच्या पंपाचा धूर हा आणखी एक धोका. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद गाळ्यात तो माणसाला झोपेतच नेतो. म्हणून पंप गाळ्याबाहेर, उघड्यावर ठेवून नुसता पाइप आत आणायचा. हे त्यांनी लाल रंगाने पंपावरच लिहून दिलंय. जनरेटर वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

दुसरी तक्रार कागदांची. बावीस पानांचा अहवाल इंग्रजीत. माझ्या नऊ जणींपैकी एकीलाही तो वाचता येत नाही. मी मराठीत मागितला, तो मिळायला पाच आठवडे लागले. त्यातही पहिल्या मसुद्यात शब्द असे होते की सरकारी परिपत्रक वाचतोय असं वाटावं. शेवटी मावशींनी आणि मी बसून तो एका पानाचा केला, आणि तेच पान आता मेन स्विचच्या शेजारी लावलंय.

सराव मात्र उत्तम, शंभर टक्के. साहेबांनी मला सांगितलं, "ताई, तुम्ही आज खुर्चीवर बसायचं, तोंड उघडायचं नाही. तुम्ही नसतानाचा सराव करतोय आपण." पहिल्यांदा सगळं बसवायला बायकांना ४५ मिनिटं लागली, चौथ्या वेळी १८. प्रत्येकीला एकच काम. एक मेन बंद करणार, एक गॅस, दोघी फळ्या, एक मोरीचा व्हॉल्व्ह बघणार, एक सगळ्या बाहेर पडल्या का ते मोजणार. मोजणारीच्या गळ्यात शिट्टी. नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याला त्यांनी पिवळा पट्टा मारून दिला. पाणी पट्ट्याला लागलं की शिट्टी, आणि शिट्टी झाली की हातातलं काम तिथेच सोडायचं.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांनाही त्यांनी कामं जोडून दिली. पिवळा इशारा असला की खालचा माल वर. नारिंगीला फळ्या दारापाशी आणायच्या आणि भरतीची वेळ लिहायच्या काळ्या फळ्यावर लिहून ठेवायची. लाल इशाऱ्याला, म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता असते तेव्हा, युनिट बंद आणि पगार चालू. या शेवटच्या दोन शब्दांवर साहेब अडून बसले. पगार कापला जाईल या भीतीने बाई लाल इशाऱ्यातही घरून निघते, मग तुमच्या सगळ्या तयारीला अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. २००५ च्या २६ जुलैला ते ड्युटीवर होते. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मी स्वतः त्या संध्याकाळी महापेहून कोपरखैरण्यापर्यंत कमरेइतक्या पाण्यातून चालत आले होते, पगार कापतील म्हणूनच सकाळी कामावर गेले होते. त्यामुळे मला ते पटवून द्यावं लागलं नाही.

एक गोष्ट इंजिनिअर मुलीने सुचवली, जी माझ्याही डोक्यात नव्हती. बायका रात्रभर अडकल्या तर? पोटमाळ्यावर आता एक पत्र्याची पेटी आहे. त्यात पिण्याचं पाणी, सॅनिटरी पॅड, कोरडे गाऊन, टॉर्च, मावशींच्या शुगरच्या आणि दुसऱ्या एकीच्या बीपीच्या गोळ्या, भाजके चणे आणि झाकणाची बादली.

खरं पाणी आलं ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. मी भाचीच्या साखरपुड्याला साताऱ्याला होते. सकाळी इशारा नारिंगी होता, म्हणून काम चालू होतं. दुपारी पावणेदोनला मावशींचा फोन आला, "ताई, पट्टा बुडाला. आम्ही निघतोय." मी काही सूचना द्यायच्या आधी त्यांनी फोन ठेवला, कारण फोनवर बोलणं हे त्यांच्या कामात नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर नऊ जणींचा कोपरखैरणे स्टेशनवरचा फोटो आला. गाड्या तेव्हा अजून चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यांवर चिखलाची रेघ होती, जमिनीपासून सोळा इंचांवर. मोरीतून थेंब आला नव्हता. पण गाळ्यात दोन इंच पाणी होतं. शोधलं तर मागच्या भिंतीत, जोत्याच्या वर, जुनी केबल जिथून आत येते ते भोक उघडं. पाहणीत ते सुटलं होतं. पाचवा तारा मी त्यासाठी कापला. ज्या माणसांनी शेजाऱ्याच्या कपाटातला डबा शोधला, त्यांना माझ्या भिंतीतलं भोक दिसायला हवं होतं. मी फोन केला तेव्हा ते चार दिवसांनी आले. पावसाळ्यात सगळीकडून बोलावणी असतात हे मी समजू शकते, पण चार दिवस जास्तच. भोक त्यांनी फुकट बुजवून दिलं.

सफाई मात्र त्यांच्या कागदाप्रमाणे झाली आणि पहिल्यापेक्षा जमीनअस्मानाचा फरक होता. वायरमन तपासून हो म्हणेपर्यंत एकही जण आत गेली नाही. आधी शटर आणि खिडक्या तासभर उघड्या. मग गंबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, एन-९५ मास्क. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने फरशी धुतली, आणि संडास साफ करायचं ॲसिड त्या दिवशी कुलपात ठेवलं, कारण दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. आमच्यातल्या एकीची सवयच होती दोन्ही मिसळायची, जास्त स्वच्छ होतं म्हणून. मागच्या मोकळ्या जागेतल्या टाकीत गाळ गेला होता. त्यात उतरायचं नाही, डोकंसुद्धा घालायचं नाही, कारण साचलेल्या गाळातला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. ती बाहेरून पंपाने उपसली.

मांडणीच्या अगदी खालच्या कप्प्यात राहून गेलेल्या साठ किलो हळदीला पाणी लागलं होतं. वाळवून चालली असती असं मला वाटत होतं. साहेब फोनवर सरळ म्हणाले, पुराचं पाणी लागलेला खायचा माल विकायचा नाही, थोडासुद्धा नाही. ओल्या मसाल्यात आणि मिरचीत बुरशी धरते, तिचं विष शिजवूनही जात नाही. फोटो काढून, वजन लिहून ती फेकली.

लेप्टोच्या गोळ्या त्यांनी दिल्या नाहीत, तो डॉक्टरचा विषय आहे म्हणाले, आणि ते बरोबर आहे. सफाईला असलेल्या सहा जणींना मी त्याच दिवशी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात नेलं. पायाला जखम असलेल्या आणि नसलेल्या माणसाला डोस वेगळा असतो, गरोदर बाईला तर औषधच वेगळं, हे तिथे नीट समजावून दिलं. स्वतःच्या मनाने दुकानातून गोळी घेऊ नका. त्यानंतर तीस दिवस आम्ही वही ठेवली. रोज सकाळी ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, प्रत्येकीला विचारायचं आणि लिहायचं. एकीला सतराव्या दिवशी ताप आला, लगेच तपासलं, मलेरिया निघाला. वेळेत कळलं म्हणून चार दिवसांत उठली.

विम्याचं थोडक्यात. मागच्या पुरात माझा दावा अर्ध्यावर आला होता, कारण मालाची वही भिजली आणि आधीचे फोटो नव्हते. या वेळी साहेबांनी पॉलिसी मागून वाचली. २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आहे, तिच्यात पूर धरलेला असतो. मी नूतनीकरणाच्या वेळी ती घेतली. आता दर शनिवारी मांडणीचे फोटो आणि मालाची यादी मोबाइलवरून ईमेलला जाते.

खर्च सांगते, म्हणजे अंदाज येईल. पाहणी आणि अहवाल साडेसहा हजार, फळ्या आणि चॅनेल ३८ हजार, व्हॉल्व्ह सात हजार, सराव चार वेळा मिळून चार हजार. वायरमन आणि पंप वेगळे. फळ्या परवडत नसतील तर फळ्या थांबवा, पण पाहणी आणि सराव घ्या, आणि सरावाच्या वेळी मालकाने गप्प बसा.

घेणाऱ्यांसाठी दोन सूचना. अहवाल मराठीत देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि पाहणीच्या दिवशी भिंतीतली, जोत्यातली सगळी भोकं स्वतः हात लावून दाखवा. बोलवायचं असेल तर एप्रिलमध्येच फोन करा. या वर्षी मी मे उजाडल्यावर केला, आणि मला २६ तारीख मिळाली आहे. दोन नवीन मुली कामाला लागल्यात, त्यांचा सराव त्या दिवशी.